मावसोबा निघतात

'निघतो' म्हटल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत ज्यांना पुन्हा भूक लागते, असे मी आजवर पाहिलेले एकमेव गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान, आमचे मावसोबा. सामान्य माणूस निघतो म्हणजे उठतो, चपला घालतो आणि जातो. मावसोबांचं तसं नव्हे. आधी ते बसल्या जागी "चला, निघायला हवं" असं म्हणत. हा नुसता इशारा. यावर कुणी उठायचं नसतं. मग उभे राहत आणि उभ्या उभ्या घरातल्या प्रत्येकाची प्रकृती नव्याने विचारत. मग एक चप्पल घालत. पहिली चप्पल आणि दुसरी चप्पल यांच्या मधल्या वेळात कुणाच्या तरी पुतणीचं लग्न जमल्याचं मी ऐकून आहे. त्यानंतर उंबरठा, जिना आणि फाटक ही ठाणी, आणि मुख्य विषय निघायचा तो तिथेच. आत तासभर हवापाण्याच्या गप्पा मारलेला हा माणूस फाटकाला हात लावल्यावर म्हणणार, "बरं का, ती नदीकाठची जमीन विकावी म्हणतोय." मग यजमान पायात स्लिपर सरकवून बाहेर येत आणि यजमानीणबाई गॅस बंद करून. हिचं म्हणणं, मावसोबा पूर्वी असे नव्हते. पण माहेरच्या प्रत्येक माणसाबद्दल ही तेच म्हणते, म्हणून मी ते कधी मनावर घेतलं नाही.

ते आमच्याकडे आले तेव्हा आम्ही जर्मनीच्या पार वरच्या टोकाला, कील नावाच्या गावी राहत होतो. भारतात फोन करायचा तर दुकानातून कार्ड आणायचं आणि नाण्याने नंबर खरवडायचा, असे ते दिवस. मी जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. समुद्र थेट गावाच्या पोटात शिरलेला, वारा बारमाही, आणि माणसं सकाळ-दुपार-संध्याकाळ एकाच शब्दात नमस्कार करणारी: मॉइन. कॉलेजची सगळी वर्षं ही सांगलीला मावशीकडे राहिलेली. त्यांना स्वतःचं मूलबाळ नाही. त्यामुळे मावशी गेल्यावर वर्ष-दीड वर्षाने हिने हट्टच धरला आणि मावसोबांना उन्हाळ्यात बोलावून घेतलं. आले ते एक सूटकेस कपड्यांची आणि एक भडंगाची घेऊन. विमानतळावरच्या कस्टमवाल्याने नेमकी भडंगाची उघडायला लावली. मावसोबांनी त्याला मूठभर चाखायला दिलं, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली, आणि मग त्याचा निरोप घ्यायला उभे राहिले. विमानातले बाकीचे सगळे प्रवासी आपापल्या घरी पोचले तरी आम्ही बाहेर काचेला नाक लावून उभे होतो.

आता अशा माणसाची गाठ पडली ती 'च्युस' म्हणणाऱ्या देशाशी. 'च्युस' म्हणायचं आणि दार लावायचं, की झाला निरोप. मावसोबा पहिल्या आठवड्यातच वैतागले. "ही काय शिंक आहे की निरोप, जावईबापू? माणूस पायरी उतरायच्या आत कडी घालतात. आपण काय वर्गणी मागायला गेलो होतो?" त्यांनी ही रीत सुधारायचं मनावर घेतलं. जर्मन त्यांना तीनच शब्द येत: मॉइन, आभार मानायचं डांके आणि गेनाऊ. बाकीचं सगळं ते सांगलीच्या मराठीत, खणखणीत बोलत. गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर', आणि अगदी बरोबर म्हटल्यावर जगात कुणीही माणूस आणखी बोलतो, हे त्यांनी हेरलं होतं. बसमधून उतरताना ते मागच्या दाराने उतरत नसत. पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणत, "बरं आहे मग, सावकाश जा. पुढे वळण वाईट आहे." ड्रायव्हर वळून बघे, मावसोबा गेनाऊ म्हणत, आणि बसला उशीर होई. जर्मनीत बसला उशीर झाला की माणसं घड्याळाकडे अशी बघतात की जणू घरात कुणी आजारी पडलंय. पण दुसऱ्या महिन्यात मी पाहिलं, तो ड्रायव्हर आमचा थांबा आला की आपणहून इंजिन बंद करत होता.

खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहत. पाच वर्षांत आमचा त्यांच्याशी संबंध काय, तर जिना पुसायची पाळी कुणाची, एवढाच. त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं पार्सल द्यायला मावसोबा खाली गेले ते स्वयंपाक निवून गेला तरी वर येईनात. मी बघायला गेलो तर दोघं दारात उभी. आजीबाई जर्मनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन सांगताहेत, मावसोबा मराठीत तिळाच्या तेलाचं मालिश सांगताहेत, आणि दोघांचं अगदी एकमत झालेलं. फोनवरही तेच. सांगलीला शेजाऱ्यांशी बोलताना कार्ड संपत आलं की फोनमधली बाई सूचना देई; मावसोबांचं "बरं, ठेवू मग?" तिच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असे आणि तरीही अर्धवटच तुटे. मग म्हणत, "जावईबापू, एक कार्ड आणा हो. निरोप राहिलाय."

त्यांच्या परतीचा आठवडा आला आणि त्यांना कुठूनसं एक पत्रक मिळालं. बंदराजवळच्या जुन्या जुन्या बारमधून माहीतगार माणसाबरोबर फिरायचं, प्रत्येक ठिकाणी एकेक पेला घ्यायचा आणि पुढे जायचं, अशी ती सहल. मी वाचून दाखवली ती गंमत म्हणून. मावसोबांनी चष्मा काढला. "म्हणजे गावातल्याच कुणाला तरी बरोबर घ्यायचं, चार घरी जायचं, प्रत्येक घरी दिलेलं घ्यायचं आणि पुढच्या घरी जायचं. अहो, हे पुरुषांचं हळदीकुंकू की." मी म्हटलं, मावसोबा, तिथे दारू असते, तुम्ही तर घेत नाही. "हळदीकुंकवाला काय बायका हळद खायला जातात?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, घेऊन जा ना त्यांना. चारच दिवस राहिलेत." आणि हळदीकुंकवाला रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून मावसोबांनी तिचेच स्टीलचे छोटे डबे काढून त्यात भडंग भरलं. स्टीलचे डबे ही परदेशात किती जिवाची वस्तू असते ते संसार केलेल्यालाच कळेल. "डबे परत येतील ना?" हिने विचारलं. "डबा परत आणायला जावं लागतं, म्हणून तर द्यायचा असतो," मावसोबा म्हणाले. "पिशवीत दिलं की संबंध संपला."

शनिवारी संध्याकाळी आम्ही जुन्या बाजाराच्या चौकात हजर झालो. आमची वाटाडी म्हणजे आन्के नावाची विद्यापीठात शिकणारी पोरगी, हातात पिवळी छत्री. आमच्याखेरीज चारजण होते, पार दक्षिणेकडून, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यातून समुद्र बघायला आलेले. त्यातला एक एवढा अवाढव्य की तो उभा राहिला की बाकीचे तिघे वाऱ्यापासून वाचत. "तर मग," आन्के म्हणाली, "तीन बार, आणि मग साडेआठची बोट. शेवटचा पेला बोटीवर, समुद्रात. ती बोट कुणासाठी थांबत नाही, तेवढं लक्षात ठेवा." मग जरा घुटमळून तिने सांगून टाकलं, की एकटीने लोकांना न्यायची ही तिची पहिलीच खेप, आणि सहलीचा मालक आज स्वतः बोटीवर आहे. सगळे वेळेवर चढले तर नोकरी पक्की. नाही तर सोमवारपासून पुन्हा पहाटे तीनला उठून बेकरीत, आणि मग वर्गात डुलक्या. मी ते मावसोबांना समजावलं. "चुकते कशाला बोट? आपण आहोत की," ते म्हणाले, आणि मी घड्याळाकडे बघितलं.

पहिला बार तळघरात. मालक दाढीवाला, एके काळी जहाजावर आचारी होता. मावसोबांनी आत शिरल्याबरोबर त्याला नमस्कार केला आणि डबा पुढे ठेवला. त्याने चमचाभर भडंग तोंडात टाकलं, थोडा वेळ कुठे तरी दूर बघितलं, कपाळ पुसलं आणि स्वतःच्याच बारमध्ये स्वतःसाठी एक मोठी बिअर ओतली. नेकारसुल्मच्या चौघांनी डब्याला गराडा घातला. तिखटावर बिअर, बिअरवर तिखट असं चक्र सुरू झालं आणि दाढीवाल्याचा गल्ला वाजायला लागला. आलेल्या पेल्याला नाही म्हणून मावसोबांनी यजमानाचा अपमान केला नाही. त्यांनी तो ओठाला लावला आणि टेबलाखालून माझ्याकडे सरकवला. म्हणजे दर ठिकाणी मला दोन. आन्केने छत्री उंचावली, सगळे बाहेर पडले आणि मावसोबा दारात थांबले. "बरं का, जागा छान आहे तुमची. घरी कोण कोण असतं?" मी भाषांतर केलं, आणि तोंड मिटल्यावर वाटलं, कशाला केलं. कारण त्या दाढीवाल्याला त्याच्या दारात उभं राहून हे आजवर कुणीच विचारलं नसावं. त्याची हॅम्बुर्गची मुलगी, तिचं नवं घर, ती इकडे फिरकत नाही हे सगळं पायरीवर निघालं. मावसोबा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुम्हीच जा की मग. डबा घेऊन जा काहीतरी." नेकारसुल्मवाले काय चाललंय ते बघायला परत आले आणि आलोच आहोत तर म्हणून आणखी एकेक घेऊन बसले.

दुसऱ्या बारमध्ये एक म्हातारी आणि तिचा तिच्याइतकाच म्हातारा कुत्रा. भिंतीवर मासेमारी बोटीचा फोटो, नवऱ्याचा. आत असताना ती बिलाखेरीज बोलली नाही. मावसोबांनी दाराच्या मुठीला हात लावला आणि मूठ सोडून तिच्याकडे वळले, की लागली बोलायला. कुत्र्याला कमी दिसतं इथपासून नवरा वादळात कसा शिट्टी वाजवायचा इथपर्यंत. ती थोडी रडली, मग हसली, आणि निघताना आत जाऊन खारवलेल्या काकडीची बरणी आणून तिने मावसोबांच्या हातात ठेवली. "बघा, ओटी भरली माझी," मावसोबा मला म्हणाले. बाहेर आन्के छत्री उघडत होती आणि मिटत होती. पाऊस नव्हता. "मावसोबा, ती पोर बिचारी," मी म्हटलं. "गेनाऊ," ते म्हणाले आणि कुत्र्याचा निरोप घ्यायला वळले.

तिसऱ्या बारमध्ये पोचलो तोवर घड्याळाने आशा सोडली होती. इथला मालक उंच, हडकुळा, आणि गावात म्हणे सगळ्यात अबोल; आणि या गावात अबोल म्हणजे काय, ते राहून बघावं. "मॉइन" म्हणून त्याने पेले ठेवले, डबा घेतला, एक दाणा उचलून खाल्ला आणि मान हलवली. मावसोबा त्याच्यासमोरच्या उंच स्टुलावर चढून बसले. दोघंही गप्प. तो पेले पुसतोय, हे बघताहेत. मी घाई करायला गेलो तर मावसोबा हळूच म्हणाले, "थांबा. याच्या मनात बरंच आहे. हा दारात बोलणार." अनुभवी वैद्याने नाडी सांगावी तसं सांगितलं. आणि तेवढ्यात आन्के आली. छत्री मिटलेली. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत मावसोबांकडे होती. "आत्ता, या क्षणी निघालो तरच. नाही तर राहू दे, बसा तुम्ही. चूक माझीच आहे, मला त्यांना थांबवता आलं नाही. छान बोलतात ते." तिचे डोळे भरले होते. मी शब्द न् शब्द सांगितला.

मावसोबा तिच्याकडे बघत राहिले. मग दाराकडे. मग स्टुलावरून उतरले आणि चालायला लागले. नमस्कार नाही, बरं आहे नाही, बरं का नाही. दार ढकललं आणि बाहेर. ज्या माणसाने कुत्र्याचा निरोप घेतला होता तो एका अख्ख्या माणसाला तसाच सोडून रस्त्याला लागला होता. "चला, आटपा, किती वेळ," असं ते ओरडत होते, आणि आवाज असा होता की मी तो कधी ऐकलाच नव्हता. सँडल फटफटवत ते सगळ्यांच्या पुढे. काकडीची बरणी माझ्या हातात, पोटात दुप्पट पेले, मी मागे. एकदाच वळून पाहिलं. तो अबोल मालक काउंटर सोडून दारापर्यंत आला होता आणि फडक्याला हात पुसत उभा होता.

धक्क्यावर पोचलो तर खलाशी फळी काढायला वाकलेला. मावसोबा पहिले. पाठोपाठ आन्के, मी, तिघे नेकारसुल्मवाले. चौथा, तो अवाढव्य, लांब रस्त्याच्या कोपऱ्यावर हात हलवत येत होता, धावतोय अशा समजुतीत. वरून सहलीचा मालक घड्याळ बघत होता. खलाशी म्हणाला, गेली वेळ. आन्केने डोळे मिटले. मावसोबांनी काय करावं? ते फळीवरून परत खाली आले, एक पाय धक्क्यावर आणि एक फळीवर ठेवला, आणि खलाशाचा हात दोन्ही हातांत घेतला. "बरं आहे मग. येतो आम्ही. वारा फार आहे हो तुमच्याकडे, कानाला काही बांधत जा. घरी कोण कोण असतं?" म्हाताऱ्या पाहुण्याच्या पायाखालून फळी कशी ओढणार? खलाशी हात सोडवायला बघे, मावसोबा म्हणत गेनाऊ. मी पुढे होऊन मन लावून भाषांतर केलं. त्या बोटीचा भोंगा वाजत असताना मी मावसोबांना खलाशाच्या आईच्या संधिवाताचा तपशील ओरडून सांगितलेला आहे. अवाढव्य येऊन पोचला, फळी वाकली, तो चढला. मावसोबांनी खलाशाचा हात तिथल्या तिथे सोडला, "च्युस" म्हणाले आणि वर आले. कुणासाठीही न थांबणारी बोट थांबली होती. मालकाने पाहुणे मोजले, आन्केच्या खांद्यावर थाप मारली, आणि तिने सगळ्यांसमोर मावसोबांना मिठी मारली. मावसोबा लाजून समुद्राकडे बघायला लागले. साडेनऊ वाजले तरी ऊन होतं. नेकारसुल्मचे चौघे गाऊ लागले आणि मावसोबा गेनाऊ म्हणून ताल देत होते. त्यांना इतकं आनंदात मी त्या तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तयार होऊन बसले. "डबा राहिलाय तिसऱ्याकडे. आणि निरोपही." रविवार होता, जर्मनीत रविवारी उघडं काही नसतं, मी सांगून पाहिलं. तरी गेलो. बार बंद. मावसोबांनी दारावर हळू टकटक केली, थांबले, पुन्हा केली. मग पायरीवरच उभे राहून, त्या बंद दाराकडे बघत म्हणाले, "दारात बोलायची सवय तुमच्या मावशीची हो, माझी नव्हे. ही दारात, आणि मी आपला स्कूटर चालू करून फाटकाशी. हॉर्न वाजवायचो." "त्या दिवशी छातीत दुखतं म्हणाली. मी रिक्षा आणली. ही दारात शेजारणीला सांगत उभी, तुमचा डबा राहिलाय हो आमच्याकडे. मी ओरडलो, चल, आटप, किती वेळ. वाक्य अर्धं टाकून बसली रिक्षात. घरी काही परत आली नाही." त्यांनी दाराची मूठ रुमालाने पुसली, उगाचच. "बोलू दिलं असतं तर काय होतं? काल त्या पोरीसाठी उठलो, चांगलं केलं. पण हा माणूस दारापर्यंत आला होता ना? मी बघितलं होतं." मी त्यांचा हात धरला आणि आम्ही समुद्राच्या कडेकडेने घरी आलो.

सोमवारी हॅम्बुर्गच्या गाडीत त्यांना बसवलं. एका परिचिताची सोबत विमानतळापर्यंत होती. मावसोबा दारात येऊन म्हणाले, "बरं का..." आणि जर्मन रेल्वेचं दार वेळेवर मिटलं. पुढचं सगळं त्यांनी काचेमागून सांगितलं, गाडी हलेपर्यंत. ही हसत होती आणि डोळे पुसत होती.

त्या आठवड्यातच मी डबे आणायला गेलो, तिसऱ्याकडे सगळ्यात शेवटी. अबोल मालकाने मला ओळखलं. बाटल्यांच्या रांगेत त्याने तो डबा ठेवला होता, घासूनपुसून लखलखीत. तो त्याने खाली काढला, मी हात पुढे केला, पण त्याने दिला नाही.

"म्हातारबाबा?" त्याने विचारलं.

"गेले भारतात. सोमवारीच."

त्याने बराच वेळ डबा पुसला. "निरोप न घेता गेले," तो म्हणाला. "म्हणजे यायचेत अजून." आणि डबा परत फळीवर ठेवला. मग काउंटरमागून बाहेर आला, माझ्याबरोबर दारापर्यंत चालत आला आणि तिथे त्याने मला त्याच्या भावाबद्दल सांगितलं, बरंच काही.

घरी येऊन मी कार्ड खरवडलं आणि सांगलीला फोन लावला. सगळं सांगितलं. मग मावसोबा म्हणाले, "मग डबा राहू दे तिथेच." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

"झालं एवढ्यात बोलून?" हिने आतून विचारलं. मी हो म्हटलं. कार्डावर अजून बरीच मिनिटं शिल्लक होती.